टोपीसाठी थांबणारा टेप

गाणाऱ्याला खुणेनं थांबवता येतं, ढोलकीवाल्याला डोळे वटारता येतात, पण टेप कुणाच्या बापाचं ऐकत नाही. अख्ख्या जालना जिल्ह्यात त्याला अदब शिकवली ती मी. दुसरं कुणी तसा दावा करत असेल तर करू द्या, चहा पाजा, पण मनावर घेऊ नका.

आमची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. गायचा माझा थोरला भाऊ, दादा. त्यानं वडीगोद्रीत तान घेतली तर अंबडच्या म्हशी पान्हा सोडायच्या. पण नव्वदीच्या दशकात एकेक वाजवणारा पुण्याला नाहीतर जालन्याच्या स्टील कारखान्यात गेला आणि पार्टीत आम्ही दोघंच उरलो. मग मी जालन्यातल्या मस्तगडच्या दुकानातून नुसत्या वाद्यांच्या कॅसेटी आणल्या. बाजा टेपवर, गळा दादाचा.

तीर्थपुरीच्या लग्नात इज्जत गेली. आपल्याकडं ऐन गाण्यात यजमान उठतो आणि व्याह्याला टॉवेल-टोपी करतो. तेवढा वेळ बाजा थांबतो, माईकवर नाव पुकारतात, मग गाणं पुढं. दादा रीतीनं थांबला. टेप थांबला नाही. बासरी, व्हायोलिन, सगळा लवाजमा गाणाऱ्याशिवाय पुढं निघून गेला आणि टोपी डोक्यावर बसेपर्यंत गाणंच संपलं.

"माझ्या टोपीला बाजा थांबला न्हाई," असं म्हणून व्याही रुसला आणि शेजारच्या कपाशीत जाऊन बसला. अर्धं वऱ्हाड त्याला समजवायला गेलं, उरलेलं अर्धं आम्हाला शोधत होतं.

आमचे वडील, आबा, फार बोलायचे नाहीत. म्हणाले, "वडीगोद्रीची सुपारी घेतली, तेवढी करा. तिथं फजिती झाली तर ह्यानं गाणं सोडायचं अन् बैलं धरायची."

दादानं ताटातली भाकरी तशीच ठेवली. तो भाकरी ठेवतो म्हणजे प्रसंग बिकट, हे कुत्र्यालासुद्धा कळायचं.

पॉजचं बटण दाबलं की टेप थांबतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मांडवात एकदम चिडीचूप झालं की लोकांना वाटतं लाईट गेली, आणि ते चपला शोधायला लागतात. म्हणून मी दुसरा टेप आणला. गावाकडं येऊन पुण्याला परत निघालेल्या आमच्या जुन्या ढोलकीवाल्याला स्टँडवरून माघारी ओढला आणि कॅसेटची एक आख्खी बाजू नुसता ठेका वाजवून घेतला.

"किती येळ वाजवू?"

"म्हैस व्यायपर्यंत."

टोपी आली की गाण्याचा आवाज उतरवायचा, पॉज दाबायचा, ठेका चढवायचा. टोपी बसली की समेवर पॉज सोडायचा. दोन्ही टेपांची चाल जुळावी म्हणून मागच्या भोकात टेस्टर घालून आतला वेगाचा स्क्रू पिळायचा. वीज शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीची, म्हणजे सरकारचा संबंधच नाही.

वडीगोद्रीत नवरदेव मारुतीला गेल्ता आणि मांडव भरला होता. आबा मागं खांबाला टेकून उभे होते. दादा अंतऱ्यावर आला आणि नवरदेवाचा मामा मान घ्यायला उठला. मी गाणं थांबवलं, ठेका आला. लोक ठेक्यावर टाळ्या धरायला लागले. मामाला फेटा बांधला. त्यानं बसायला पाहिजे होतं, त्यानं माईक घेतला. मामा पंचायतीच्या निवडणुकीत पडलेला, आणि पडलेल्या माणसाचं भाषण लांब असतं. तो आज्यापासून निघाला.

दादा हळूच म्हणाला, "मामा, आवरा आता."

"आवरतोच. आता कॅनॉलच्या पाण्याकडं येऊन राह्यलो."

तेवढ्यात खट्ट. ठेक्याची बाजू संपली. माझं काळीज बॅटरीत पडलं. पण मांडवाचे हात चालूच होते. इतका वेळ टाळ्या दिल्यावर ते थांबतायत कशाला. मामाला वाटलं टाळ्या आपल्यालाच, तो खूश होऊन खाली बसला.

आता खरी अडचण. लोकांच्या टाळ्या ठेक्याच्या बऱ्याच पुढं पळाल्या होत्या. गाणं होतं तसं सोडलं असतं तर लंगड्या बैलासारखं मागं राहिलं असतं. मी अंदाजानं स्क्रू पिळला आणि दादाला अंगठा वर करून दाखवला. टेप पळवला की सूरही चढतो, हे त्याला सांगायची गरज नव्हती. टाळीवर पॉज सोडला. गाणं बराबर टाळीत पडलं. दादानं पहिल्याच शब्दाला चढलेला सूर धरला, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या, पण शेवटपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी म्हशींचं काय झालं ते विचारू नका, डेअरीत भांडी कमी पडली.

गाणं संपल्यावर मामानं स्वतःचा फेटा उतरवून दादाच्या डोक्यावर ठेवला.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा आबा आले.

"मधी नुसतं ढोलकं वाजू लागलं, ते कह्याला?"

"मामाच्या फेट्यासाठी गाणं थांबवलं होतं, आबा."

आबांनी दोन्ही टेपांकडं बैलबाजारात दात बघावेत तसं पाहिलं. मग दादाला म्हणाले, "पुढली सुपारी कुठं?"

"अजून आली न्हाई."

"येईल. बैलं मी धरतो," आबा म्हणाले आणि बॅटरी उचलून गाडीकडं चालू लागले.