चोवीस शब्दांचा मुद्देमाल

आमच्या साडूंएवढा संशयी माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि एवढा प्रेमळ संशयी तर अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. मूळचे सिरसाळ्याचे, पण सगळी नोकरी बीडच्या कोर्टात, मुद्देमालाच्या खोलीत गेली. खटल्यात जप्त झालेल्या कुऱ्हाडी, मोबाइल, दारूच्या बाटल्या, एकदा तर बँडवाल्याचा भलामोठा पितळी कर्णा, हे सगळं लाखेच्या सिलात जसंच्या तसं सांभाळायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी सिलं तपासायची खोड गेली नाही. बिस्किटाचा पुडा घेतला तरी उजेडात धरून चारी कडा बघणार. मी एकदा आष्टीहून त्यांच्यासाठी पेढ्यांचा बॉक्स नेला, तर दोरीकडे बघून म्हणाले, "साडूभाऊ, ही गाठ पेढेवाल्याची न्हाई. वाटंत कोणी सोडली?" मीच सोडली होती. दोन पेढे खाल्ले होते. त्यांनी माझ्याकडून ते कबूल करून घेतलं आणि मग स्वतःच्या हातानं मला आणखी दोन भरवले.

अशा माणसाला त्यांच्या बंगळुरूच्या लेकीनं निवृत्तीची भेट म्हणून बिटकॉइन दिलं. फार नव्हे, थोडंसंच. पण पहिल्या नोकरीपासून तिनं ते बापासाठी बाजूला ठेवलेलं. साडूंनी मोबाइलवर आकडा पाहिला आणि पहिला प्रश्न टाकला, "हे आता हाय कुणाच्या ताब्यात?" लेकीनं सांगितलं, ज्या अ‍ॅपवरून घेतलं त्या कंपनीच्या. "म्हंजी मुद्देमाल आपला आन् खोली दुसऱ्याची? न्हाई जमत!" मग तिनं हार्डवेअर वॉलेटची माहिती दिली. पेनड्राइव्हएवढं यंत्र असतं, नाण्यांची किल्ली त्याच्या पोटात इंटरनेटपासून लांब राहते. यंत्र हरवलं तरी चोवीस इंग्रजी शब्द ठरलेल्या क्रमानं दुसऱ्या यंत्रात घातले की सगळं परत मिळतं. मात्र ते शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर सगळं त्याचं होतं.

ते यंत्र निवडायला साडूंना आठ महिने लागले. लेकीचं लग्न त्यांनी तीन आठवड्यांत ठरवलं होतं. पण माणूस आवडला की ते लगेच हो म्हणतात, वस्तूच्या बाबतीत तसं नाही. एका यंत्राला ब्लूटूथ होतं, ते त्यांनी नाव ऐकताच बाद केलं. "वाऱ्यावर बोलणारं कशाला पायजे आपल्याला?" एकाला पडदाच नव्हता. "मग आपण पैसं कुणाला धाडायलाव हे कळणार कसं? मोबाइल म्हणंल ते खरं धरायचं?" बसस्टँडजवळच्या एका मोबाइलवाल्यानं अर्ध्या किमतीत यंत्र देऊ केलं. सोबतच्या कार्डावर चोवीस शब्द आधीच सुबक छापलेले. "काका, लिहायचा तरास बी न्हाई तुम्हाला." साडूंनी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "हे शब्द तुला कसं ठाव रे बाबा? ते तर यंत्रानं माझ्या एकट्यासमोर काढायचं असत्यात." पोराची बोबडी वळली. साडू त्याला चहा पाजूनच उठले. पण त्याच्या दुकानासमोर पुढं दोन दिवस उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सावध करत होते.

शेवटी थेट कंपनीकडून मागवलेलं यंत्र आलं, तेव्हा मला आष्टीहून तातडीनं बोलावून घेतलं. मी घाबरून गेलो, तर ओट्यावर पाट मांडलेला, पाटावर बंद पार्सल, आणि मी व शेजारचे एक निवृत्त मास्तर असे दोन पंच. भिंगातून कडा तपासल्या, फोटो काढले, "सील शाबूत" असं लिहून आमच्या सह्या घेतल्या. शब्द उतरवायची वेळ आली तशी आम्हा दोघांनाही घराबाहेर काढलं. नंतर त्यांनी थोडीशीच रक्कम यंत्रात घातली, सगळं यंत्र मुद्दाम पुसून टाकलं आणि शब्दांवरून परत मिळवलं. मी दारातूनच ओरडलो, "अहो, गेलं ना सगळं!" साडू म्हणाले, "शब्द बराबर उतरलेत का न्हाई, हे आधीच बघितलेलं बरं."

कागद जळतो, भिजतो, म्हणून शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरायचं ठरलं. पण भांड्यांवर नावं घालणाऱ्याला शब्द दाखवायचे कसे? साडू पंधरा दिवस त्याच्याशेजारी पोत्यावर बसून कोरायचं यंत्र चालवायला शिकले. सराव घरच्या भांड्यांवर. आमची आक्का, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आजही पाहुण्यांना ज्या ताटांत वाढते त्यांवर वाकड्या अक्षरांत हत्ती, छत्री, मंगळवार अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत. "चोरानं वाचलं तर चकंल," हा साडूंचा खुलासा. आक्का म्हणाली, "चोर न्हाई आला अजून. इहीणबाई मात्र चकल्या."

मग गेल्या वर्षी छातीत कळ आली. बायपास करावी लागेल असं डॉक्टर म्हणाले. सगळे हादरले. साडूंना वेगळीच काळजी. "भुलीत माणूस बडबडतो म्हणं." ॲडमिट व्हायच्या सकाळी त्यांनी शब्द उतरवलेला कागद जाळला, पट्टी आक्काच्या हातात दिली आणि म्हणाले, "कुठं ठिवायची ते तूच ठरव. मला सांगू नको." मग तिला समोर बसवून शब्द कसे घालायचे ते तीनदा करून दाखवलं. सातवी शिकलेल्या आक्कानं तिन्ही वेळा नीट बघून घेतलं. पट्टी पदराखाली घेऊन आत गेली.

ऑपरेशन नीट झालं. पण माणूस जरा सावकाश झाला. मी भेटायला गेलो त्या दुपारी ते कॉटवर बसून यंत्राशी झटत होते. यंत्र उघडायचा गुप्त आकडा, म्हणजे पिन, आठवेना. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. मी म्हटलं, "राहू द्या, लेकीला विचारू." तोवर तिसऱ्यांदा दाबला. आतलं सगळं पुसलं गेलं. तीनदा चुकलं की ते यंत्र तसंच करतं. साडू पांढरे पडले. "पोरीनं दिल्यालं," एवढंच म्हणाले. यंत्र उलटंपालटं करून बघत राहिले.

आक्कानं पिठाचे हात धुतले, आत गेली, पट्टी घेऊन आली. चष्मा लावून खाली बसली. एकेक अक्षर पट्टीवर बोट ठेवून वाचायचं, दोन बारक्या बटणांनी ते पडद्यावर आणायचं, पुढचं बघायचं. बाराव्या शब्दाला चुकली, न वैतागता मागं आली. साडूंनी दोनदा तोंड उघडलं. "तुमी बोलू नका," ती म्हणाली. चांगला दीड तास गेला. चोविसावा शब्द घातला आणि मोबाइलवर रकमेचा आकडा दिसला, होता तेवढाच.

साडूंनी आकड्याकडे पाहिलंच नाही. ते आक्काकडे बघत होते. मला हळूच म्हणाले, "साडूभाऊ, इतकी वरसं घरातल्या साऱ्या किल्ल्या माझ्याच कमरंला व्हत्या. हिला कवा एक बी दिली न्हाई. का म्हून दिली न्हाई मी?"

 आक्का म्हणाली, "पोरीला फोन लावा, सांगा." त्यांनी फोन लावला आणि तिच्याच हातात दिला. "तू सांग. तू केलंस."

ती सांगू लागली, बाराव्या शब्दाला कशी चुकले, मग कशी मागं आले. हसत होती, मधेच मोठ्यानं बोलत होती. साडू भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. माझ्या गाडीची वेळ झाली होती. एरवी मला सोडायला फाटकापर्यंत आल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी मी चपला घालून निघालो तरी त्यांना कळलं नाही.