नानांची एकोणिसावी लेव्हल

फुकट डाउनलोड होणाऱ्या खेळांचा मला पहिल्यापासून तिटकारा. मी डाळ मिलच्या ऑफिसात काम करते. तिथे माझ्यासमोर बसणारे दोघे बाप्ये जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खातात आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर कसलंतरी चित्र पळवतात. वरणाचा हात स्क्रीनला, स्क्रीनचं बोट परत तोंडात. शी! मी आपला डबा उचलून गोदामाच्या बाजूला जाऊन बसायचे. तिथे डाळीचा भुसा उडतो, पण तो परवडला.

मग नानांना अर्धांगाचा झटका आला आणि तसलाच खेळ माझ्या घरात आला. आणला मीच.

नाना म्हणजे माझे वडील. घरात आम्ही दोघंच. चाळीस वर्षं त्यांनी जळगावच्या सराफ्यात कारागिरी केली, त्यातही नथीचं काम त्यांचं. मोती ओवून झाले की तारेचं टोक असं वळवायचे की ते कुठे संपलं हे नख फिरवूनही कळू नये. झटक्याने उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत परत आला, जीभ थोडी जड राहिली, पण उजवा अंगठा काही येईना. फिजिओथेरपीच्या ताई घरी यायच्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. नाना तो दोनदा दाबायचे आणि खाटेखाली सोडून द्यायचे. "हाई काय माणसाचं काम शे?" एरवी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांची भाषा शहरी झालेली, पण चिडले की अहिराणी बाहेर येते. त्यांना एकच हवं होतं, परत कामाच्या पाटावर बसायचं. बाकी हात चालला काय न चालला काय, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

शेवटी त्या ताईच म्हणाल्या, "मोबाइलवर उड्या मारायचा खेळ असतो बघा, तो द्या त्यांना. उजव्या अंगठ्याने बटण दाबायचं, कधी जरासं, कधी जास्त वेळ. चेंडूपेक्षा बरा."

मी नाक मुरडतच तो नानांच्या मोबाइलवर उतरवून घेतला. उघडतेय तोच जाहिरात. पाच मिनिटांत कर्ज. ती गेली तर पत्ते खेळा आणि लखपती व्हा. ती गेली तर कुणीतरी एका बाईच्या गालावरचा फोड पिळतंय, तेही चालत्या चित्रात, मोठा करून. बंद करायची फुली तांदळातल्या खड्याएवढी, आणि तिच्यावर बोट टेकलं की दुकानच उघडतं! कुणाच्या डोक्यातून निघत असेल ही घाण? तो माणूस घरी जाऊन आपल्या आईशी कोणत्या तोंडाने बोलत असेल? नानांच्या लुळ्या अंगठ्याला ती फुली सापडणं शक्यच नव्हतं. म्हणून संध्याकाळी मी शेजारी बसायचे आणि त्यांच्या वतीने फुल्या दाबायचे.

खेळ तसा साधा. टोपीवाला एक गोलमटोल गडी विटांवरून पळतो. मध्ये खड्डे, वर लोंबकळणाऱ्या फळ्या, शेवटी झेंडा. वाटेत हवेत सोन्याची नाणी. पहिल्या दिवशी नानांनी मोबाइल डोळ्याशी नेला आणि त्या नाण्यांकडे बराच वेळ पाहिलं. "बठ्ठं पितळ शे," म्हणाले, सगळंच पितळ. "आमच्या सोनगीरच्या पितळेला याहून बरी चमक असते." आणि त्यांनी नाणी घ्यायचीच नाहीत असं ठरवलं. नाणं दिसलं की गड्याला त्याच्या वरून किंवा खालून न्यायचे. आता, तो खेळ असा रचलेला की नाणी जिथे, तिथूनच नीट उडी बसते. नाना बरोब्बर खड्ड्यात. "अहो नाना, घ्या ना ते नाणं, तुम्हाला कोण गिलिटाचं विकायला सांगतंय!" मी ओरडायचे. ते ढिम्म.

पण हळूहळू अंगठा हलायला लागला. एकदा म्हणाले, "हे फुंकणीसारखं आहे. जेवढा दम सोडू तेवढी ज्योत." बटण टिचकीसारखं सोडलं तर गडी वीतभर उडतो, दाबून धरलं तर उंच जातो, आणि मध्येच सोडलं तर मधल्यामध्ये उतरतो. अगदी काठावर पाय टेकला की पोटात गोड काहीतरी हलतं. हे मला कसं ठाऊक? कारण मीही माझ्या मोबाइलवर खेळायला लागले होते. ऑफिसात, त्याच जेवणाच्या सुट्टीत. एक दिवस लोणच्याचं बोट स्क्रीनला लागलं आणि मी ते तसंच चाटलं. मग कळलं काय केलं ते. त्या दिवशी मला स्वतःची जी किळस आली ती अजून आठवते. तरी दुसऱ्या दिवशी मोबाइल काढलाच.

नाना एकोणिसाव्या लेव्हलला अडकले. तीन फळ्या वरखाली होतात, आणि शेवटच्या उडीला बटण पूर्ण दाबून मध्येच सोडायचं. पंधरा दिवस झाले, जमेना. दर पाच वेळा पडलं की पाटी यायची, "तुमचे जीव संपले. जाहिरात बघा आणि एक जीव मिळवा." झटक्यातून उठलेल्या माणसाला हे वाचायला लावायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नाना मात्र शांतपणे जाहिरात संपायची वाट बघायचे. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि मला सांगितलंही होतं: एकोणिसावी पार झाली की पाटावर बसायचं, त्याआधी नाही.

अशात रावेरकडच्या, केळीच्या मळ्यांवाल्या घरातल्या एका अक्कांचा निरोप आला. त्यांचं जुनं गिऱ्हाईक. सासूची नथ सुटली होती, नातीच्या लग्नाआधी नव्याने गुंफून हवी होती, आणि ती नानांनीच करायची. रविवारी येणार होत्या. नाना म्हणाले, "येऊ दे. बघतो."

शनिवारी सकाळी ते आंघोळीला गेले होते. मोबाइल खाटेवर. मला वाटलं, एवढं एक झालं तर रविवारी त्यांना धीर येईल. चौथ्या खेपेला मी ती लेव्हल पार केली. झेंडा वर गेला, फटाके उडाले, विसावी लेव्हल उघडली. मी मोबाइल होता तसा ठेवून दिला.

नाना बाहेर आले, मोबाइल घेतला आणि बघतच राहिले.

"हे कोणी केलं?"

खरं सांगायला काय झालं होतं? पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच की. काल संध्याकाळी. विसरलात का?"

त्यांनी मोबाइल पुन्हा डोळ्याशी नेला. टॉवेल खांद्यावर तसाच. मग म्हणाले, "असेल."

मला वाटलं, निभावलं. दुपारी त्यांनी विचारलं, "गोळी घेतली का मी?" घेतली होती. तासाभराने परत विचारलं. मग उठून दाराची कडी पाहून आले, बसले, परत उठून पाहून आले. संध्याकाळी मला बाजूला बसवून म्हणाले, "माझ्या आईचं माहेर कोणतं, विचार मला." मी विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि मग माझ्याकडे बघत राहिले, बरोबर का म्हणून. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. कसली लाज वाटत होती, देव जाणे.

रविवारी अक्का आल्या. रुमालात बांधलेली नथ त्यांनी नानांच्या पुढे ठेवली. नानांनी ती डाव्या हातात घेतली, उजव्याने मोती एकेक सरकवून पाहिले. अंगठा छान चालत होता. मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मला दिसत होतं. आणि नानांनी नथ परत रुमालात ठेवली.

"अक्का, दुसरा कारागीर बघा. हात आला माझा. डोक्याचा भरवसा राहिला नाही. तुमचा एखादा मोती कुठे ठेवून विसरलो तर कोणत्या तोंडाने उभा राहू?"

"काहीतरीच काय नाना," अक्का म्हणाल्या.

"नाही, विसरतो मी. कालच कळलं."

मी तिथूनच म्हटलं, "नाना, ती लेव्हल मी पार केली. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

"काय?"

"तुम्ही काही विसरला नाहीत. मी खोटं बोलले."

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

त्यांनी हेच तीनदा विचारलं, आणि तीनदा मी तेच उत्तर दिलं, परक्या बाईच्या देखत. इतक्या दिवसांत फोड पिळणाऱ्या त्या जाहिरातींनाही मी जेवढ्या शिव्या घातल्या नसतील तेवढ्या मनात स्वतःला घातल्या. नाना मग अक्कांकडे वळले. "ठेवून जा नथ," म्हणाले. माझ्याशी त्या दिवशी एकच वाक्य बोलले, "सोन्यात खोट घालणाऱ्याला चाळीस वर्षांत मी पाटाजवळ फिरकू दिलं नाही." चहा त्यांनी घेतला नाही.

नथ चार दिवसांत झाली. अक्कांनी तारेवरून नख फिरवून पाहिलं आणि हसल्या. पाटावर बसण्याआधी एकोणिसावी लेव्हलही नानांनी परत पहिल्यापासून खेळून पार केली, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. मला त्यांनी दाखवली नाही.

बोलतात आता माझ्याशी. भाजीत मीठ कमी असेल तर सांगतात, ऑफिसातलं विचारतात. पण एकदा मनात शिरलेली शंका काही गेलेली नाही. सकाळची गोळी ते बाहेर ओट्यावर बसून घेतात, काकू अंगण झाडत असतील तेव्हा. तासाभराने आत खाटेवर चुळबुळ सुरू होते. मग उठून काकूंच्या बाजूच्या भिंतीपाशी जातात आणि हाक मारतात, "वहिनी, मी गोळी घेतली का हो आज?" मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर भाजी निवडत बसलेली असते.