पिल्लाचे दहा दिवस

प्लेग आला की निपाणी सोडून आम्ही रानात झोपड्या घालायचो. गावातून येणाऱ्यानं आधी दहा दिवस बांधावरच्या खोपीत एकटं राहायचं, हा माझ्या वडिलांचा, आप्पांचा नेम होता. एकदा ओस गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू रानात आलं. आई म्हणाली, "रोग आणंल, हाकल त्याला."

मी म्हटलं, "माणसाचा नेम त्यालाबी लावा की."

भाकरी टाकत मी त्याला खोपीत नेलं. पाण्याचं खापर रोज काठीनंच आत सरकवलं. अकराव्या दिवशी ते ठणठणीत बाहेर आलं.

त्याच दुपारी आत्याचे यजमान गावातून आले आणि सरळ चुलीकडं निघाले. आप्पा आडवे आले.

"दाजी, खोप रिकामी झालीया. माझ्या लेकीच्या कुत्र्यानं दहा दिवस काढलं, तुमीबी काढा."