जशी आली तशी गाडी

रक्ताचे नमुने घ्यायला घरोघर फिरणाऱ्या बाईंना सगळे सुईबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. बाई चोपन्न वर्षांच्या आणि त्यांची मोटारसायकल एकवीस वर्षांची. शोरूममधून आली तेव्हा होती तशीच ती अजून होती. काही झिजलं की तोच भाग, त्याच मापाचा, परत बसवायचा. बाईंनी आपल्या मनानं एकच गोष्ट जोडली होती : मागे नमुन्यांचा डबा ठेवायला कॅरिअर.

सजवलेल्या गाड्यांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. सिग्नलला कुणी कानठळ्या बसवत शेजारी थांबला की त्या आधी त्याच्या सायलेन्सरकडे बघत, मग त्याच्या तोंडाकडे, आणि सांडलेली लघवीची बाटली उचलताना करत तसा चेहरा करत. "गाडी बनवणारी माणसं वर्षानुवर्षं डोकं झिजवतात," त्या म्हणत, "आणि हा दीडशहाणा एका दुपारी करवत घेऊन त्यांच्या चुका सुधारतो."

पंचाईत अशी की असल्या दीडशहाण्यांचा म्होरक्या त्यांच्याच घरात निघाला. धाकटा भाऊ. आधी त्यानं मोबाईलची कव्हरं विकली, मग माशांच्या टाक्या, आणि आता गाड्या सजवायचं दुकान. कुठल्याही धंद्यात तो पंधरा दिवसांत तज्ज्ञ होई.

बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे गाडी बंद राहिली. भाऊ म्हणाला, "ताई, तोवर सर्व्हिसिंग करून आणतो." बाईंनी किल्ली दिली. डोळ्यावर पट्टी होती, एरवी दिली नसती.

परत आली ती गाडी बाईंना आधी शेजाऱ्याची वाटली. टाकी काळीकुट्ट, हँडल आखूड, मागचे शॉकअप बदललेले, सायलेन्सर कोपरभर. कॅरिअर गायब.

"मागचं मडगार्ड कुठंय?"

"कापलं. मागून काय भारी दिसते बघ."

"आणि चिखल कुठं जायचा? माझ्या पाठीवर?"

भाऊ हसला. "ताई, गाडीला पर्सनॅलिटी पाहिजे."

"ती मला आहे. गाडीनं नुसतं चालावं."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात घरं ठरलेली होती. डबा सीटला दोरीनं आवळून बाई निघाल्या. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर ते नवे कडक शॉकअप प्रत्येक दगड मोजून सांगत होते. लॅबमध्ये नमुने देऊन त्या खुर्चीत टेकतात न टेकतात तोच टेक्निशियन बाहेर आला.

"बाई, तीन नमुन्यांतलं रक्त फुटलंय, पेशी फुटून नुसतं लाल पाणी झालंय. हादरे बसले का? परत घ्यावे लागतील."

बाईंच्या इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्या तिघांत एक म्हातारी शिंपीण होती. किडनी अधू, शिरा दोऱ्यासारख्या. सकाळी तिसऱ्या टोचणीला कुठं शीर सापडली होती. बाई पुन्हा दारात दिसल्या तेव्हा म्हातारीनं "परत?" एवढंच विचारलं आणि बाही वर केली. शिवी दिली असती तरी बाईंना बरं वाटलं असतं.

या वेळी नमुने रिक्षानं लॅबमध्ये पोचवून त्या गाडी घेऊन तडक दुकानात गेल्या. भाऊ दोन गिऱ्हाइकांना रुंद टायरचं माहात्म्य सांगत होता.

"काढ," बाई म्हणाल्या.

"काय काढू?"

"लावलंस ते सगळं."

"ताई, गिऱ्हाईक आहे."

"बघू दे की त्यांनाही."

स्टूल ओढून त्या बसल्या. जुने भाग मागच्या खोलीत पोत्यात होते. भावाला कुठला बोल्ट कुठला ते आठवेना. बाई बसल्या जागेवरून सांगत गेल्या : हा डावीकडचा, तो लांब आहे तो खालचा, वॉशर विसरलास. तज्ज्ञाच्या कपाळावर घाम आला. एक गिऱ्हाईक हळूच सटकलं. दुसऱ्यानं बाईंना विचारलं, "इतकी वर्षं कशी टिकली हो गाडी?"

"ह्याचा हात लागला नव्हता म्हणून."

मडगार्ड मात्र कापलं ते कापलंच. भंगारवाल्याकडून दुसरं आणलं, ते निळं निघालं. टाकीचा काळा रंग बाईंनी तसाच ठेवला. रंगानं कुणाचं रक्त फुटत नाही, म्हणाल्या. पुढच्या खेपेला शिंपिणीची शीर पहिल्याच टोचणीला लागली, आणि नमुना लॅबपर्यंत शाबूत पोचला.

भावानं नातेवाइकांत सांगत सुटायचं ते सुटलाच : ताईला सौंदर्यदृष्टी म्हणून नाही. बाईंनी ते खोडून काढलं नाही. मडगार्ड कापणाऱ्याकडून दृष्टीचं प्रमाणपत्र घ्यायची त्यांना हौस नव्हती. दुकान वर्षभरात बंद पडलं. सध्या तो घरातली हवा शुद्ध करायची यंत्रं विकतो. परवा म्हणाला, "ताई, एक तुझ्याकडे बसवून देतो."

बाईंनी उठून खिडकी उघडली.