भोपाळला देय ड्राफ्ट

ऑगस्टची एकवीस तारीख, दुपारचे पावणेबारा. रक्कम तीनशे रुपये, वर बँकेचं कमिशन पंचवीस. हजर होते तिघं: मी, पासबुक भरून घ्यायला आलेली माझी बायको आणि काउंटरमागचा कारकून. बँक रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातली. डिमांड ड्राफ्टची स्लिप मी स्वतः भरली, दोनदा वाचली आणि मग आत सरकवली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जी चूक निघाली ती माझ्याच अक्षरात होती.

तीनशे रुपये ही सरकारी परीक्षेची फी होती. राज्य नवं होऊन तिसरं वर्ष चालू होतं आणि नापतौल, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षकांच्या जागा निघाल्या होत्या. मला अडतीस वर्षं सात महिने झाले होते. जाहिरातीतल्या वयाच्या अटीप्रमाणे मला ही एकच संधी होती. पुढच्या वेळी माझा अर्ज कोणी उघडलाही नसता. अर्ज एकतीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत कार्यालयात पोचायला हवा होता.

तोवर चौदा वर्षं मी सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात वजनकाट्यावर होतो. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, मग रिकामा घ्यायचा, वजाबाकी करून पावती द्यायची. नोकरी वाईट नव्हती. पण त्या वर्षी काटा तपासायला एक निरीक्षक आले. त्यांनी प्रमाणित वजनं गाडीतून उतरवली आणि प्लॅटफॉर्मच्या मधोमध न ठेवता एकेका कोपऱ्यात ठेवून आकडा पाहू लागले. मला राहवलं नाही. विचारलं, "साहब, कोने में क्यों?"

"बीच में तो हर काँटा सच बोलता है," ते म्हणाले. "झूठ कोने में पकड़ में आता है."

चौदा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यामागं चारही कोपरे फिरलो आणि इतके प्रश्न विचारले की जाताना ते म्हणाले, "इतना ही शौक है तो फॉर्म भर दो भैया, पद निकले हैं."

अनुभवाचा दाखला मालकांकडून घ्यायचा होता. त्यांनी सही केली, पण कागद लगेच सोडला नाही. "मतलब अब हमारा ही काँटा पकड़ने आओगे?"

"सही रहेगा तो नहीं पकड़ूँगा," मी म्हणालो. ते हसले, तेव्हा कागद सुटला.

बाकीचे कागद जमवताना मला मजाच येऊन राहिली होती. फोटोवरची साक्षांकनाची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर का हवी? मूळ निवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांचा पुरावा लागतो, मग मधल्या एका वर्षाचा नसला तर माणूस त्या वर्षी कुठं होता असं सरकार धरतं? (माझं ते वर्ष शेवटी शाळेच्या एका जुन्या गुणपत्रिकेत सापडलं.) ज्याला विचारावं तो म्हणायचा, "लगता है, लगा दो." कारण सांगणारा एकच माणूस होता, तात्यापाऱ्यात आमच्या दोन घरं पलीकडचे काकाजी.

काकाजी रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं मूळ गाव आमच्यासारखंच विदर्भातलं. पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, प्रत्येक सरकारी अर्ज त्यांच्या नजरेखालून जाई. फी सव्वा रुपया, तीही आधी. "फुकटात वाचलं तर नजरही फुकटचीच लागते," म्हणायचे. आणि अर्ज ते उलटा वाचत: आधी जोडलेल्या कागदांची यादी, मग सही, मग एकेक रकाना वर चढत नावापर्यंत.

"काहून उलटं, काकाजी?"

"आपलं नाव कोणी चुकवते का? खाली येता येता हात थकते. चूक तिथंच बसून राहते."

एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी त्यांनी माझा अर्ज असाच खालून वर वाचला. ड्राफ्ट तर सगळ्यात आधी हातात घेतला. नंबर पाहिला, रक्कम अक्षरी आणि आकडी पाहिली, तारीख पाहिली, दोन्ही सह्या पाहिल्या. पुढं पाऊण तास लावून नावापर्यंत पोचले आणि म्हणाले, "चोख आहे. मले असा पोट्टा मिळाला असता हाफिसात, ज्याले हिशेब असा जमते..." मग माझ्याकडं पाहून, "हो, हो. तुलेच म्हणून राहिलो."

घरी आलो. बायकोचं अक्षर माझ्याहून चांगलं, म्हणून लिफाफ्यावर पत्ता ती लिहीत होती. एका बाजूला जाहिरात, दुसऱ्या बाजूला कागदांची थप्पी, वर ड्राफ्ट. पत्त्याची शेवटची ओळ लिहिता लिहिता तिचा पेन थांबला.

"अहो, लिफाफा रायपूरले जाऊन राहिला ना?"

"हो."

"मग हे पैसे भोपाळले काहून जाऊन राहिले?"

ड्राफ्टच्या खालच्या कोपऱ्यात, देय ठिकाणाच्या जागी, भोपाळ छापलेलं होतं. जाहिरातीत स्पष्ट होतं: रायपूरला देय, अन्यथा अर्ज रद्द. ती जाहिरात मी किमान वीस वेळा वाचली होती.

"तुमी तर दोन वेळा तपासला होता," ती म्हणाली.

"काकाजींनीही तपासला."

"मग तीन वेळा झालं."

त्या रात्री मला चिंता वाटलीच, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. हे माझ्या हातून झालं कसं? शाळेपासून मी जे सरकारी पैसे भरले ते भोपाळला. बोर्डाची फी भोपाळला, पूर्वीचे दोन-तीन अर्जही भोपाळला. काकाजींचाही जन्म त्यातच गेलेला. डोळ्यांना तिथं 'भोपाळ' दिसलं ते बरोबरच वाटलं. काट्यावर आम्ही रोज सकाळी रिकाम्या प्लॅटफॉर्मवर आकडा शून्यावर आणत असू, कारण रात्रभरात चाकांचा चिखल साचून शून्य सरकलेलं असे. राजधानी भोपाळची रायपूर होऊन तिसरं वर्ष, आणि मी हाताचं शून्य एकदाही पाहिलेलं नव्हतं.

तीस तारखेला कारखान्यात रजा टाकली आणि बँक उघडायच्या आधी दारात उभा राहिलो. कारकून तोच. ड्राफ्ट पुढं केला तर त्यानं तो नीट पाहिलाही नाही. "भोपाल?" म्हणाला, आणि खालचा खण ओढला. आत रद्द झालेल्या ड्राफ्टची जाड थप्पी रबराच्या बँडात होती.

"ये सब?"

"सब भोपाल. हफ्ते में पाँच-सात आ ही जाते हैं. कल एक तो वकील साहब थे."

"और आपके हाथ से?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "दो बार," तो हळूच म्हणाला. मला फार बरं वाटलं.

रद्द करण्याचे वीस कापून दोनशे ऐंशी परत मिळाले. त्यात पंचेचाळीस घालून नवा ड्राफ्ट काढला. या वेळी स्लिप मी भरली आणि खालून वर बायकोनं वाचली.

एकतीसला टपालाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. स्वतः गेलो. कार्यालय एका जुन्या इमारतीत होतं. दारावरच्या नव्या पाटीच्या रंगाखालून जुनं नाव दिसत होतं. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज घेतला, ड्राफ्ट उलटसुलट केला, कोपरा पाहिला. मग त्यांनी पोचपावतीवर शिक्का मारला. शिक्क्यात खात्याचं नाव, मग स्वल्पविराम, आणि पुढं कोरी जागा. तिथं बाबूंनी पेनानं 'रायपुर' लिहिलं.

"सील में नहीं है?"

"था भोपाल. ब्लेड से काट दिया. नया बनकर आएगा तब आएगा." ते स्वतःही भोपाळहून बदलून आले होते. पोचपावतीवर वेळ लिहिली: तीन वाजून दहा मिनिटं.

काकाजींना सांगायचं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. मग सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कोपऱ्यात होतं?" एवढंच विचारलं. त्यांना दिलेला सव्वा रुपया वाया गेला असं मी समजत नाही म्हणालो, तर म्हणाले, "यादी लागू दे. मग पाहू."

परीक्षा थंडीत झाली, मुलाखत त्यानंतर. मार्चमध्ये यादी लागली. काकाजी माझ्यासोबत आले, चष्मा लावला आणि सवयीप्रमाणं खालून वाचायला लागले. मी वरून. मी मध्यावर पोचायच्या आत त्यांचं बोट थांबलं.

"खालून चौथा. वरून वाचत बसला असता तर जीव गेला असता तुझा."

एकूण खर्च असा झाला: खात्याला तीनशे, बँकेला दोन कमिशनं आणि रद्द करण्याचे मिळून सत्तर. त्याच संध्याकाळी काकाजी आमच्या घरी आले. चहा नको म्हणाले. सदऱ्याच्या खिशातून एक रुपयाचं नाणं आणि चार आण्याचं नाणं काढून बायकोसमोर धरलं.

"सूनबाई, ही फी मी घेतली होती. काम तू केलं."

ती नको म्हणत होती. ते हात मागं घेत नव्हते. शेवटी तिनं सव्वा रुपया घेतला.