विरीचे जोडे

शिवदासला लोक कारागीर म्हणतात. मला विचाराल तर तो पोफळीच्या वाडीला पाणी लावणारा गडी. फावल्या वेळात काथ्याचे दोर वळायचा. पायतण हा आम्हा चांभारांचा धंदा. श्रीवर्धनच्या बाजारात माझा बाप बसायचा, आता मी बसतो. पण शिमगा आला की गाव त्याचं नाव घेतं आणि माझा जीव जळतो.

शिमग्याला आमच्याकडे शर्यत लागते. समुद्राच्या पुळणीवरून सुटायचं आणि पालखी टेकते त्या सहाणेला आधी हात लावायचा. वाटेत शिंपल्यांचा खच, पुढे काटेरी बांध. पण सहाणेच्या माळावर चामडं चालत नाही. वहाण घातलेल्याला कडेला थांबून ती काढावी लागते, म्हणून सगळे अनवाणीच धावत.

बत्तीस साली मी शर्यतीत धावणाऱ्या गावच्या हिरामणसाठी बकऱ्याच्या मऊ कातड्याचे जोडे केले. एका हिसक्यात सुटेल अशी गाठ बसवली. असलं डोकं आधी कोणी चालवलं होतं? हिरामण खूश. मी ताठ मानेने फिरत होतो.

तेवढ्यात शिवदास माझ्याकडे आरी मागायला आला. देताना माझे हात का झडले नाहीत!

पोफळीचं झाप गळलं की त्याच्या बुडाशी रुंद, चिवट साल मिळते. ती विरी. आम्ही तिच्यात भात वाढून जेवतो. या बाबाने ती पायाखाली घालायला घेतली. पहिला जोडा कडकन फुटला. मला गोड वाटलं. दुसरा भिजून लिबलिबीत झाला. आणखी गोड वाटलं. मग त्याने विरीला खोबरेल पाजलं, थरावर थर काथ्याने शिवले आणि तळाला म्हसळ्याच्या मोटारीची फाटकी ट्यूब लावली. हातात घेऊन बघितला, तर वजनच नाही. मेल्याला जमलं होतं.

शर्यतीला हिरामणने माझे जोडे सोडून ते विरीचेच घातले. मी तडक येसाजी पाटलांपुढे गेलो. "पाटील, पायात घातली ती वहाण. माळावं कशी चालंल?"

पाटलांनी जोडा उलटसुलट केला, हुंगला. "ह्यात चामडं न्हाय. मंग ही वहाण कसली?"

बाकीचे शिंपल्यांवर पाय उचलत येत होते, तेव्हा हिरामण सहाणेला भिडलासुद्धा. शिवदासला लोकांनी खांद्यावर घेतलं. पाटलांनी जोडे धुऊन सहाणेच्या पायरीवर ठेवले, वर गुलाल टाकला. मी हे सगळं माळाच्या कडेवरून पाहिलं. आमच्या माणसांना तिथपर्यंतच मुभा.

घरी बायको, केसर, म्हणाली, "येवढं जळताव कशापायी? तुमचा हात त्याच्याहून साफ हाय. तुमी बी विरीचं करा की."

"करीन," मी म्हटलं. "पन म्या केलं तर त्या वहाणाच ठरतील."