आईच्या दारात वसुली

पाच बाया माझ्या उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि काही केल्या उठेनात. वाळूजला मी खानावळ चालवते. कंपनीतल्या पहिल्या शिफ्टची पोरं आत जेवत होती. त्यांच्यादेखत एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मावशी, आमच्या पोटावर पाय देऊन खानावळ चालवता व्हय? तुमचे हप्ते आम्ही पदरचे भरायलो."

"कसले हप्ते?"

दुसरी म्हणाली, "बघा, आता कसले म्हनती! गटाच्या कर्जाचे. फोटो काढायला तर लई पदर सारखा करून बसली व्हतीस."

पोरांचे घास हातातच राहिले. किराणावाल्याचीही उधारी मी कधी ठेवली नाही, आणि माझ्या दारात वसुली.

फोटो काढला होता हे खरं. आई मुकुंदवाडीला माझ्या धाकट्या भावाकडे राहते. तिनं फोन करून बोलावलं होतं, "माझ्या निराधारच्या पगाराचं काम हाय, वारस लागतो, आधार कार्ड घेऊन ये." मी खानावळ बंद ठेवून गेले. शेजारच्या घरात सतरंजीवर बाया बसल्या होत्या आणि एक साहेब मशीन घेऊन. आई म्हणाली अंगठा टेकव, टेकवला. सही कर, केली. आईनं पुढं केलेला कागद मी वाचून बघायचा होता का? तो निघाला गटाच्या कर्जाचा. आईच्या वयाला गटातून कर्ज देत नाहीत. आधार कार्डावर माझं वय बरंच कमी लागलंय, म्हणून मी नियमात बसले. पैसे जमा झाले आईच्या आणि माझ्या नावाच्या जुन्या खात्यात. त्याचं पासबुक आणि कार्ड भावाकडे.

आणि गटाची रीत अशी की एकीनं हप्ता चुकवला तर तो बाकीच्यांनी भरायचा आणि तिच्या दारात जाऊन बसायचं.

पैसे कुठं गेले तेही त्या बायांनीच सांगितलं. माझ्या भाच्याच्या लग्नात. घोडा, डीजे, वर नवी मोटारसायकल. त्या लग्नात मी आहेर घेऊन गेले होते. भावजयीनं मला एक पातळ नेसवलं, धुतल्यावर वीतभर आटलं. तेसुद्धा माझ्याच कर्जातलं.

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "भरून टाक आई, कटकट नको." का भरू? आज भरलं असतं तर उद्या दुसऱ्या कागदावर माझा अंगठा घेतला असता. मी गॅस बंद केला आणि बायांना म्हणाले, "उठा. बसायचंच तर खऱ्या दारात बसू."

रिक्षा करून आम्ही सगळ्या मुकुंदवाडीला गेलो आणि भावाच्या ओट्यावर बसलो. मी मधोमध. आत भाच्याच्या बायकोच्या माहेरची माणसं चहा पीत होती. भाऊ धावत बाहेर आला. "अक्का, घरातली गोष्ट चारचौघांत काढतीस?"

"माझ्या दारात चारचौघी तूच पाठवल्यास. मी फक्त परत घेऊन आले."

आई खाटेवरून ओरडली, "लेकीनं मायच्या दारात वसुलीला बसावं? हेच बघायचं राहिलं व्हतं."

मी विचारलं, "माय, सुनेचं नाव का नाय दिलं? ती तर तुझ्यापाशीच असती."

तिनं नजरसुद्धा खाली केली नाही. म्हणाली, "ती कुठं भरणार? तू भरशील, मला ठाव व्हतं."

म्हणजे मी इमानानं जगले म्हणून मला निवडलं. वडिलांच्या घराचं हक्कसोड लिहून घेताना हीच आई म्हणाली होती की लेकीला कशाला हिस्सा, ती परक्या घरची. हिश्शाला परकी असलेली लेक कर्जाला बरी घरची झाली.

भावानं हात जोडले. पुढच्या महिन्यात बघतो म्हणाला. गटातली एक बाई म्हणाली, "बघ की. तवर आम्ही रोज हितंच बघत बसू." पाव्हण्यांचे चहाचे कप हातातच राहिले. मी मोटारसायकलीकडे बोट केलं. "शब्द नको. ती विक."

भाचा माझ्या आईकडे बघायला लागला, आई भिंतीकडे. पाव्हण्यांपुढं भावाला दुसरी सोय नव्हती. गाडी विकली गेली, उरलेल्याला भावजयीनं कानातलं दिलं. बायांचे पैसे फिटले. कर्ज बंद झाल्याचा कागद मी हातात घेतला आणि तिथंच उभ्यानं वाचला.

आई माझ्याशी बोलत नाही. नातेवाईक मला ऐकवतात, म्हातारीला या वयात काय काय सोसावं लागलं. तिनं काही सोसलेलं नाही. सही माझी घेतली, बाया माझ्या दारात बसल्या, पोरांसमोर मान माझी खाली गेली. सोसलं ते मी, तिच्या थोरल्या लेकीनं.